पडद्यावरचा हनुक्का

हनुक्का या ज्यू सणाची तिसरी रात्र. नात टॅबवरच्या ज्यू सणांच्या खेळात मेणबत्त्या लावत होती. रोज एक वाढवायची; मांडायची उजवीकडून, पण पेटवताना सुरुवात डावीकडच्या, नव्या मेणबत्तीपासून. चुकलं की ज्योत लागतच नाही. मला हे फार आवडलं, कारण क्रम हातालाच कळतो. बाकीच्या पेटवायला लागणाऱ्या रोजच्या शम्माश मेणबत्तीसकट आठ रात्रींच्या ४४ मेणबत्त्या होतात, ही बेरीज तिनं आपणहून केली.

त्याच खेळातला पेसाह सणाचा भाग पाहून मात्र मन खट्टू झालं. सेदेरला, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधिवत जेवणाला, घरातलं धाकटं मूल चार प्रश्न विचारतं आणि मोठी माणसं मिसरमधल्या गुलामीतून सुटल्याची कथा उशिरापर्यंत सांगत बसतात. खेळात मात्र बटण दाबलं की उत्तर हजर! मुलानं आजोबांना विचारायचं, अडायचं, पुन्हा विचारायचं, हाच तर त्या रात्रीचा प्राण. शिवाय पडद्यावर सगळं सोपवून कसं चालेल? शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, काटेकोर पाळणाऱ्या घरांत तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून पडदा बंदच असतो.

आणि या खेळात आमचा मलिदा कुठंय? आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडतो. लग्नकार्यात, नवस फेडताना. ज्यू मुलांच्या खेळात कोकणातलं हे ताटही हवंच. उद्या पोहे भिजवून नातीला नारळ खोवायला बसवणार आहे.