तुझं राहू दे

हिरव्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, आडव्या रेघांची वही होती ती. तिच्या एका पानावर माझं नाव आहे आणि नावापुढे आकडा आहे, ६४० पेसो. १९९१ सालची बाकी. ती मी फेडलेली नाही. फेडायला गेलो होतो, पण घेतली गेली नाही.

१९९० च्या जूनमध्ये मी फिलिपिन्सला गेलो. मनिलाच्या दक्षिणेला लागुना प्रांतात, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी, लॉस बान्योस नावाचं गाव आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था तिथली. आयआर-आठ हे भाताचं वाण १९६६ मध्ये तिथूनच बाहेर पडलं. कोकण कृषी विद्यापीठात मी खारजमिनीतल्या भातावर काम करत होतो आणि त्याच विषयात पीएच.डी. करायला मला शिष्यवृत्ती मिळाली होती. बायको आणि दीड वर्षांची मुलगी बरोबर होती. भाडं परवडावं म्हणून आम्ही थोडं लांब, लागुना दे बाय सरोवराच्या काठी एका लहान गावात दोन खोल्या घेतल्या. माझ्या प्रयोगाचे काही वाफेही तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीत होते. उन्हाळ्यात त्या सरोवराची पातळी उतरते आणि पासिग नदीतून समुद्राचं पाणी उलटं आत येतं. पावसाळ्यात तेच सरोवर काठच्या भातात चढतं. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला यात काही परकं नव्हतं.

परकी होती ती गोगलगाय. ‘गोल्डन कुहोल’ म्हणतात तिला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खाण्यासाठी म्हणून बाहेरून आणली, ती शेतात सुटली आणि कोवळी रोपं फस्त करत सुटली. भाताच्या काडीवर तिच्या गुलाबी अंड्यांचे घोस दिसायचे. चिखलात तिचे फुटके शंख काचेसारखे लागतात. घरच्या सवयीने मी अनवाणीच खाचरात उतरायचो. १९९१ च्या ऑगस्टमध्ये टाच कापली. चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं.

दहाएक दिवसांनी थंडी वाजून ताप भरला. एका दवाखान्यात दाखवलं. साधा फ्लू म्हणून त्यांनी तापाच्या गोळ्या दिल्या आणि तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी उभं राहता येईना. आमच्या शेजारीण बाईंना सगळे ‘आते’ म्हणत. तागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण, पण माझी बायको पहिल्या दिवसापासून त्यांना आमच्या अर्थानेच आत्या मानायची. त्या आतेंनी रात्री नऊ वाजता ट्रायसिकल बोलावली आणि मला डॉककडे नेलं.

डॉक म्हणजे गावचे डॉक्टर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. वय पन्नाशीचं, अंगात बनियन, पायात रबरी सपाता. घराच्या तळमजल्यावर चार खाटांचा दवाखाना आणि वर बिऱ्हाड. त्यांनी नाडी नंतर पाहिली. आधी माझ्या दोन्ही पोटऱ्या अंगठ्याने दाबल्या. मी ओरडलो. मग बॅटरी घेऊन डोळ्यांतली लाली पाहिली आणि विचारलं, “इहो, पाण्यात कुठे उतरला होतास?” इहो म्हणजे मुला. टाचेवरची जखम पाहिल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि कापलेल्या कातडीतून अंगात शिरतो. त्याच रात्री पेनिसिलिन सुरू झालं, दर सहा तासांनी.

दुसऱ्या दिवशी मी पिवळा पडलो आणि लघवी कमी झाली. भीती मूत्रपिंडाची होती. नेसकॅफेच्या रिकाम्या बाटलीला डॉकनी चिकटपट्टी लावून खुणा केल्या होत्या. त्या बाटलीत ते माझी लघवी मोजायचे, पहाटे तीनलासुद्धा, आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. तिसऱ्या रात्री त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली, माझ्या बायकोला दाखवली आणि म्हणाले, “बघ, पोरी, भरली.” ती मटकन खालीच बसली. त्यांच्या पत्नीने आणलेला आल्याचा वास येणारा भाताचा ‘लुगाव’ मी त्या रात्री खाल्ला. आमची पेजच ती.

नऊ दिवसांचे झाले १,१४० पेसो. पाचशे भरले, बाकीचे त्यांनी हिरव्या वहीत लिहिले. “घाई नाही,” म्हणाले.

डॉक तेव्हा नगरपरिषदेचे सदस्यही होते. हुकूमशहा मार्कोस गेल्यानंतरच्या पहिल्या स्थानिक निवडणुका जानेवारी १९८८ मध्ये झाल्या, त्यात ते निवडून आले होते. फिलिपिन्सच्या लहान गावांत डॉक्टर राजकारणात येणं ही जुनी गोष्ट आहे. डॉक मला पिओ व्हालेन्झुएला यांची कथा सांगायचे. हे डॉक्टर स्पेनविरुद्धच्या कातिपुनान या गुप्त संघटनेत होते. १८९६ मध्ये उठावाचा सल्ला विचारायला ते दापितानला हद्दपारीत असलेल्या होसे रिझाल यांच्याकडे गेले. रिझाल नेत्रवैद्य, म्हणून संशय येऊ नये यासाठी बरोबर एक आंधळा माणूस नेला. पुढे तेच व्हालेन्झुएला आपल्या पोलो गावाचे नगरप्रमुख झाले आणि मग बुलाकान प्रांताचे गव्हर्नर. आज त्या गावालाच त्यांचं नाव आहे.

पण डॉक्टर निवडून येतो त्यामागे दुसरंही एक कारण असतं, आणि डॉकना ते बोचत होतं. तागालोगमध्ये ‘उतांग ना लोओब’ असा शब्दप्रयोग आहे. उतांग म्हणजे ऋण, लोओब म्हणजे आत. आतलं ऋण. आपल्या ऋणानुबंधाच्या हा फार जवळ येतो; फरक एवढाच की आपलं ऋण गेल्या जन्मीचं असू शकतं, त्यांचं याच जन्मातलं असतं आणि याच जन्मात मानावं लागतं. ज्याला ते नाही त्याला ‘वालांग उतांग ना लोओब’ म्हणतात. याहून मोठी शिवी नाही. ज्याने तुमचं मूल वाचवलं तो दारात मत मागायला आला तर तुम्ही काय करणार? तेव्हा मतपत्रिकेवर नावं छापलेली नसत, मतदाराला उमेदवाराचं नाव हाताने लिहावं लागे. ज्या म्हाताऱ्यांना सहीपलीकडे काही लिहिता येत नव्हतं, तेही ‘डॉक’ एवढं लिहायला शिकले होते.

११ मे १९९२ ला राष्ट्राध्यक्षापासून गावच्या मेयरपर्यंत सगळ्या निवडणुका एकाच दिवशी होत्या. डॉक मेयरपदाला उभे राहणार हे ठरलं, तेव्हा त्यांच्या माणसांनी हिरवी वही मागितली. तीत दीडदोनशे घरं तरी असतील. बाकी मागायची नाही, नुसतं दारात उभं राहायचं, एवढंच काम होतं.

डॉकनी वही दिली नाही. त्यांनी केलं ते कुणालाच आवडलं नाही. अर्ज भरण्याआधी दोन आठवडे रोज संध्याकाळी ते वही उघडून दवाखान्याच्या पडवीत बसले आणि एकेकाला बोलावून बाकी वसूल केली. दहा पेसो असतील तर दहा. नसतील तर असेल ते. एक कोळी दोन तिलापिया मासे पानात गुंडाळून घेऊन आला, त्याचे तीस पेसो त्यांनी तिथल्या तिथे खोडले. कुणी अंडी आणली, कुणी नारळ. प्रत्येक नावावर रेघ मारून ते म्हणायचे, “आता तुझं माझं काही देणं नाही. मत कुणाला द्यायचं ते तू ठरव.”

एक म्हातारी रडायला लागली. तिच्या नातवाला त्यांनी न्यूमोनियातून वाचवलं होतं. “मला तुमची कुणीच राहू देणार नाही का?” असं ती म्हणाली. मी तिथे बाकावर बसलो होतो. तिचं दुःख खरं होतं. ज्याच्याकडे द्यायला दुसरं काही नाही, त्याच्याजवळ उपकाराची आठवण हीच दौलत असते आणि डॉक तीही मोजून परत करत होते. त्या संध्याकाळी मला ते कठोर वाटले. पुढच्या तीन वर्षांत मत बदललं.

माझा नंबर आला. मी ६४० पेसो पाकिटातून काढून ठेवले. डॉकनी वहीत बोट फिरवलं, माझ्या नावाशी थांबले, पैसे उचलले आणि माझ्या हातात परत दिले. “तुला इथे मत नाही, इहो,” ते म्हणाले. “तुझं राहू दे.”

ते निवडून आले. फारशा मतांनी नाही.

त्या वर्षी १ जानेवारीपासून तिथे नवा स्थानिक स्वराज्य कायदा लागू झाला होता. त्याने गावचं आरोग्य केंद्र, तिथले डॉक्टर, परिचारिका, सुईणी केंद्र सरकारकडून काढून गावच्या नगरपालिकेच्या ताब्यात दिल्या. महाराष्ट्रात १९६२ पासून ग्रामीण आरोग्य जिल्हा परिषदेकडे आहे, त्यामुळे मला ही कल्पना ओळखीची वाटली. पण इथे सत्ता त्याच्याही खाली आली होती, थेट एका मेयरच्या टेबलावर. सुईणीचा पगार त्याच्या अंदाजपत्रकातून, औषधांची खरेदी त्याच्या सहीने. मेयर चांगला असेल तर गाव तरलं. नसेल तर सुईणीला आधी त्याच्या मर्जीत राहावं लागणार.

मेयरच्या कचेरीसमोर सकाळी रांग लागते. औषधाला पैसे, मनिलाला जायचं भाडं, शवपेटी. कुणाला मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता हवा असतो. बहुतेक मेयर ती रांग लांबवतात, कारण रांगेतला प्रत्येक माणूस म्हणजे एक उतांग. डॉक रांगेत फिरून चिठ्ठ्या वाचायचे आणि कुठलं औषध मागितलंय ते लिहून घ्यायचे. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना फोन. ते मला म्हणाले होते, “ही रांग म्हणजे केंद्रातली रिकामी फडताळं आहेत.” दोन वर्षांत औषधांची रांग जवळजवळ संपली. शवपेटीची राहिली. नगरपालिकेची नवी अँब्युलन्स आली तेव्हा रंगाऱ्याने रिवाजाप्रमाणे दारावर मेयरचं नाव लिहायला घेतलं होतं. डॉकनी ते पुसायला लावून गावाचं नाव लिहून घेतलं. १९९३ मध्ये आरोग्यमंत्री हुआन फ्लाव्हिएर यांनी देशभर लसीकरणाचे दिवस जाहीर केले, तेव्हा डॉक स्वतः सरोवरातल्या मासेमारीच्या बांबूघरांपर्यंत होडीने गेले होते. फ्लाव्हिएरही खेड्यापाड्यांत काम केलेले डॉक्टर. माझ्या मुलीला पोलिओचा डोस त्या दिवशी डॉकच्या हातून मिळाला.

त्यांनी मला जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाबद्दलही खूप विचारलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता, तेव्हापासून ते नाव त्यांच्या लक्षात होतं. अशिक्षित बाया रक्तदाब कशा मोजतात, हे मला नीट सांगता आलं नाही. मी स्वतः जामखेड पाहिलं नव्हतं. परत आल्यावर १९९४ च्या डिसेंबरात पहिलं काम म्हणून तिथे गेलो आणि पाहिलेलं सगळं आठ पानी पत्रात त्यांना लिहिलं.

१९९५ च्या मे महिन्यात डॉक हरले. आतेंनी कळवलं. समोरच्या उमेदवाराने लिफाफे वाटले होते आणि डॉकच्या रांगेत आता उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्या माणसाला औषध केंद्रात मिळतं, ते कुणामुळे मिळतं हे त्याला आठवत नाही. मेयर म्हणून त्यांनी हेच घडवलं होतं आणि त्याचीच किंमत मोजली. माझ्या मते त्या गावाला त्यांच्याइतका चांगला मेयर मिळणं कठीण होतं.

१९९९ मध्ये एका परिषदेसाठी लॉस बान्योसला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. दवाखाना तोच, खाटा चार. मी पुन्हा पाकीट काढलं. त्यांनी हसून मान हलवली आणि वही मागवून मला माझं नाव दाखवलं. पान पिवळं पडलं होतं. त्या पानावर रेघ न मारलेलं नाव एकच होतं.

डॉक आता नाहीत. तापाच्या प्रत्येक रुग्णाला ते पहिला प्रश्न तोच विचारत, पाण्यात कुठे उतरला होतास? सिंधुदुर्गात आमच्याकडे दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण सापडतात, म्हणून लावणीच्या दिवसांत मी गावोगाव जाऊन सांगतो, आणि तुम्हालाही सांगतो. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच खाचरात उतरा. आरोग्य केंद्रात प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात का ते विचारा. ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या ठणकल्या तर घरी थांबू नका. आणि डॉक्टर विचारोत न विचारोत, आधी सांगा की मी पाण्यात उतरलो होतो.