हॉल घुमतो तेव्हा

कॉक्लिअर इम्प्लांटवाल्याच्या कानाशी येऊन कुणी ओरडू लागलं, की समजावं, गाडी चुकीच्या रुळावर आहे. आवाज पुरेसा असतो, अक्षरं वेगळी होत नाहीत. निरोगी कानातल्या आतल्या केसपेशी असतात सुमारे ३,५००. माझ्या डाव्या कानात त्यांचं काम २२ इलेक्ट्रोडांवर आलंय, आणि त्यांचा प्रवाहही शेजाऱ्याच्या हद्दीत पसरतो. ऑडिओलॉजिस्टच्या गालिचा घातलेल्या शांत खोलीत मात्र तेवढ्यावर छान भागतं.

मंगल कार्यालयात नाही. खाली गुळगुळीत फरशी, वर काँक्रीटचं छत, पडदा नावालाही नाही. इम्प्लांटचा प्रोसेसर पुढे पाठवतो ती मुख्यतः आवाजाची चढउतार. भिंतीवरून उलटून आलेला स्वर पुढच्या व्यंजनावर पडला, की दोन अक्षरांमधली फट बुजते आणि चढउतार सपाट होते. ‘पाट’ ओठ मिटतात म्हणून कळतो. ‘ताट’ आणि ‘खाट’ ओठांवर जवळपास सारखेच. पण पंगतीत खाट कोण मागणार? मंगलाष्टकातलं ‘सावधान’ अक्षता उडाल्या की समजतं.

त्यात शंभर माणसांचा गलबला. ऐकणारी माणसं दोन कान आणि आवाजाची पट्टी यांच्या जोरावर एकाचं बोलणं त्यातून उचलतात. इम्प्लांटमधून पट्टी फारच पुसट कळते, आणि एकाच कानाला यंत्र असलं तर आवाज कुठल्या बाजूने आला तेही नीट उमगत नाही.

घुमणाऱ्या खोलीपुढे धडधाकट कानही टेकीला येतात. हार्वर्डच्या नव्या फॉग म्युझियममधल्या सभागृहात व्याख्यानं समजेनात, तेव्हा १८९५ मध्ये वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकावर तो प्रश्न सोपवला गेला. आवाज शोषून घ्यायला जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री आणून मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. रिकाम्या सभागृहात तो सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. आज अमेरिकेतल्या मानकात लहान वर्गखोलीसाठी मर्यादा आहे ०.६ सेकंद. आपल्याकडे हॉल बघायला गेलेले लोक पार्किंग विचारतात, एसी विचारतात. छताकडे बघतात ते झुंबरासाठी.

गाद्या काही लग्नाला नेता येत नाहीत. रिमोट माइक नेता येतो. बोलणाऱ्याच्या छातीवर तो लावला, की भिंती मध्ये पडायच्या आत शब्द थेट प्रोसेसरमध्ये येतो. गेल्या लग्नात तो लावला होता नवरीच्या काकांना. गप्पा अर्ध्यात टाकून ते तसेच मुदपाकखान्यात आचाऱ्याशी भांडायला गेले, आणि श्रीखंड कमी पडल्याची बातमी अख्ख्या मांडवात सगळ्यांत आधी मला कळली.