पाच डावांचे ऊन

2025 ची दिवाळी आम्ही शहागडलाच केली. घरात सणाचा उत्साह बेताचाच होता. सप्टेंबरात पावसाने कहर केला, नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले आणि गोदावरी काठ सोडून शेतात आली. आमच्या नदीकडच्या पट्टीत कपाशी होती. पाणी ओसरल्यावर पाहिले तर बोंडे काळी पडलेली आणि बुंध्याशी हातभर गाळ. थोरला भाऊ 2019 मध्ये गेला. तेव्हापासून शेती त्याचा मुलगा पाहतो. पोरगा बावीस वर्षांचा आहे. कामाला वाघ आहे, पण वहिनींची त्याच्याबद्दल एक तक्रार होतीच.

"भावजी, तुम्ही तरी दोन शब्द सांगा त्याला. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत फोनात डोकं खुपसून बसतो. कसली तरी जनावरं झुंजवतो म्हणे."

माझी नोकरी विस्तार अधिकाऱ्याची, म्हणजे दोन शब्द सांगणे हाच आमचा धंदा. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर त्याच्या बाजेजवळ जाऊन बसलो. रागावण्याची तयारी करूनच गेलो होतो. तो मात्र जरा सरकला आणि म्हणाला, "काका, आधी एक डाव बघा. मग काय बोलायचं ते बोला."

वाचकहो, पोकेमॉन हे नाव तुमच्या घरातल्या पोरांनी कधी ना कधी घेतले असेल. टीव्हीवरचा तो पिवळा पिकाचू त्यातलाच. मूळ खेळ जपानचा, फेब्रुवारी 1996 मध्ये निघालेला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. टोकियोजवळच्या माचिदा गावी ते वाढले. शहर पसरत गेले, तळी आणि शेते बुजली, किडेही गेले. मग मोठेपणी त्यांनी जनावरे शोधण्याचा आणि झुंजवण्याचा हा खेळ रचला. कीटकशास्त्राच्या तासाला आम्ही पतंग टाचणीला टोचत होतो त्याची मला आठवण झाली, आणि माझा राग तिथेच निम्मा झाला.

पुतण्या खेळतो त्या प्रकारात दोन्ही बाजूंना सहा-सहा गडी असतात. ते आधी एकमेकांना दाखवायचे. त्यातले चार निवडायचे आणि एका वेळी दोन मैदानात उतरवायचे. समोरचा खेळाडू कुठल्या देशातला आहे हेही कळत नाही. याच्या जागतिक स्पर्धा 2009 पासून होतात. इतके ऐकून मी जांभई दिली. तेवढ्यात तो म्हणाला, "काका, यात हवामान असतंय."

ऊन, पाऊस, वाळूचे वादळ. 1999 च्या खेळापासून हे हवामान आले. 2002 मध्ये असे गडी आले की जे नुसते मैदानात उतरले तरी हवामान बदलते, आणि तेव्हा ते बदललेले हवामान आपोआप संपत नसे. त्यामुळे खेळ एकतर्फी होऊ लागला. म्हणून 2013 पासून त्याला पाच डावांची मुदत घातली. गड्याजवळ एक विशिष्ट तापलेला दगड ठेवला तर ऊन आठ डाव टिकते. त्यापुढे नाही.

पुतण्याची फौज उन्हाची होती. मी हसलो. म्हटले, "अरे, आपण उन्हाने पोळलेली मराठवाड्याची माणसं, आणि तू ऊन मागतोस?"

"यंदा मागतोय," तो म्हणाला. यावर काय बोलणार?

त्याच्या फौजेचा मुख्य हल्लेखोर म्हणजे व्हीनसॉर. बेडकासारखे बसके जनावर आणि पाठीवर भले मोठे फूल. त्याच्या अंगच्या गुणाचे नाव ऐकून मी ताठच बसलो. गुणाचे नाव 'क्लोरोफिल'! म्हणजे आपले हरितद्रव्य. ऊन असले की याचा वेग दुप्पट. 'सोलर बीम' नावाचा त्याचा मारा आहे. एरवी त्यासाठी एक डाव नुसते ऊन साठवत बसावे लागते आणि दुसऱ्या डावाला मारा सुटतो. उन्हात मात्र तो लगेच सुटतो. पाऊस असला तर साठवण्यात एक डाव जातोच, शिवाय मारा निम्म्या जोराचा होतो. जखमा भरून काढण्याची त्याची क्रिया आहे, तिचे नावच प्रकाशसंश्लेषण. साध्या हवेत ती निम्मी ताकद परत देते, उन्हात दोन तृतीयांश आणि पावसात फक्त एक चतुर्थांश. परभणीला ज्या धड्याने माझे गुण खाल्ले होते, तो जपानच्या माणसांनी पोरांच्या खेळात बसवला होता.

पण हा पठ्ठ्या स्वतः ऊन पाडत नाही. तो नुसता उन्हावर जगतो. ऊन आणणारा वेगळा असतो. पुतण्याकडे ते काम टॉर्कोल नावाच्या कासवाकडे होते. त्याची पाठ कोळशाच्या शेगडीसारखी धुमसत असते. चालीला इतके मंद की बघणाऱ्याला दया यावी. समोरच्याने उतरवला पेलिपर. मोठ्या पिशवीसारख्या चोचीचा हा पक्षी येताना पाऊस घेऊन येतो. त्याच्या जोडीला एक लांबडा मासा होता, ज्याचा वेग पावसात दुप्पट होतो. म्हणजे तिकडेही हीच युक्ती, फक्त उलट्या हवामानाची.

आता ऊन आणि पाऊस एकदमच आले तर राहते कोणते? इथे मला मौज वाटली. जो जलद, त्याचे हवामान आधी पडते. जो मंद, त्याचे मागून पडते आणि मागून पडलेले टिकते. पक्ष्याचा पाऊस आला आणि लगेच कासवाच्या उन्हाने तो पुसून टाकला. दुसऱ्या डावाला व्हीनसॉरने माशाला एका माऱ्यात आडवे केले. मी नकळत "शाब्बास" म्हणालो. आतून वहिनींचा खाकरण्याचा आवाज आला.

समोरचाही कच्चा नव्हता. त्याने पक्षी मागे घेतला होता, तो पुन्हा उतरवला. पाऊस सुरू झाला. आमचे फुलाचे जनावर एकदम साधे होऊन बसले. वेग गेला आणि मारा अडकला. मला वाटले, संपले. पोराने काय केले, तर कासवालाच मागे बोलावले आणि जिराफासारखा एक गडी पुढे केला.

"हा कोण?"

"फॅरिगिराफ. याला ऊन नको, पाऊस नको. कसल्याही हवेत त्याचं काम त्यो करतोय."

जिराफाने दोन डाव मार खाल्ला आणि दिलाही. मग कासव पुन्हा मैदानात आले आणि पुन्हा ऊन पडले. पुतण्या बोटांवर मोजत होता: एक, दोन, तीन. पाचवा डाव संपायच्या आत त्याने डाव जिंकला.

एव्हाना मी पुरता गुंतलो होतो. मी विचारले, "अरे, हा व्हीनसॉर उन्हात एवढा भारी, तर चारी गडी उन्हाचेच का घेत नाहीस? सगळेच दुप्पट पळतील."

"काही जण घेतात. पहिले दोन डाव लई भारी दिसतंय. कासव पडलं की चारी जण बसतात."

मग फोनवरची नजर न उचलता तो म्हणाला, "आप्पांच्या चार एकरात एकच गडी होता, काका."

माझा हात बाजेच्या काठावर होता, तो तिथेच राहिला.

त्या चार एकरांची गोष्ट अशी. 2005 मध्ये भावाने वरच्या रानात मोसंबी लावली, ती माझ्या सल्ल्याने. त्याला दोन एकर लावून पाहायचे होते. मीच म्हटले, "दादा, लावायची तर सगळीच लाव. विहिरीला पाणी आहे, खाली गोदावरी आहे, वर नाथसागर आहे." जालन्याची मोसंबी म्हणजे नावाजलेला माल, पुढे 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. माझे गणित कागदावर चुकले नव्हते. सहाव्या-सातव्या वर्षी बाग अशी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आंबे बहार धरायचा म्हणून हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देताना भाऊ काळजीने दहादा विचारायचा, "झाड मरायचं तर नाही ना रे?" मी हसायचो.

2012 चा पावसाळा कोरडा गेला. नाथसागरात वापरण्याजोगे पाणी जवळजवळ राहिले नाही. आंबे बहाराची फळे उन्हाळाभर झाडावर असतात. पाणी सर्वांत जास्त लागते ते तेव्हाच, आणि ते नव्हते. बहार सोडला, फळे काढून टाकली, आच्छादन केले, छाटणी केली. जे जे मी गावोगाव सांगत होतो ते सगळे घरच्या बागेत केले. विकतचे टँकर आणून बुंध्याला बादलीने पाणी घातले. 2013 च्या मे महिन्यात भावाने करवत आणली. तो दिवस मी मुद्दाम दौऱ्यावर काढला. संध्याकाळी आलो तेव्हा बांधाला लाकडे रचून ठेवली होती. भाऊ म्हणाला, "जाऊ दे, दोन वर्षांचं जळण झालं." त्यापुढे या विषयावर तो अखेरपर्यंत एक शब्द बोलला नाही. पोरगा तेव्हा दहा वर्षांचा होता. तो बांधावर बसून बघत होता हे मला त्या रात्री ओसरीवर कळले.

आता त्याच पोराने दोन वर्षांपासून वरच्या रानात पुन्हा मोसंबीचा धोशा लावला होता आणि मी नाही म्हणत होतो. कारण विचारले की जमिनीचे, बाजाराचे, फळगळीचे काहीतरी सांगत होतो. खरे कारण ती लाकडांची रास होती. अधिकारी माणूस भ्याला असे घरात तरी कसे म्हणणार?

कासवाविषयी मात्र मी रात्रभर विचार केला. ऊन-पाऊस पाडणारा गडी आपल्या बाजूला असणे ही चैन खेळातच असते. सरकारने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, रडार बसवून 2015 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. पण त्यालाही आधी आभाळात योग्य ढग लागतात. त्या विमानाच्या भरवशावर कोणी बाग लावू नये. आपल्या हातात असते ते मोजके साठवलेले पाणी. म्हणजे पाच डावांचे किंवा फार तर आठ डावांचे कासव.

सकाळी चहा होताच मी पुतण्याला वही घेऊन बसवले. शेततळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल धरले, तर उतार वजा जाता सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. खाली प्लास्टिक हवेच, नाहीतर ते जमीन पिऊन टाकते. वीस-वीस फुटांवर मोसंबी लावली तर एकरी सुमारे 110 झाडे बसतात. झाड मोठे झाल्यावर भर उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला सव्वाशे लिटर धरा. एका एकराला 90 दिवसांत साडेबारा लाखांच्या आसपास लागतील. उन्हाने तळ्यातून रोज बोटभर पाणी उडते. एक सेंटीमीटर धरले तरी त्या 90 दिवसांत आठ लाख लिटर गेले. तळे आणि एक एकर, जेमतेम बसते. चार एकरांना तेच तळे महिनाभर पुरले असते.

"म्हणजे एकच एकर," तो म्हणाला.

"एकच."

"आणि बाकीच्यात?"

"जिराफ," मी म्हणालो. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांना वाटले असावे की दीर कामातून गेला.

बाकीच्या तीन एकरांचे आमचे अजून पूर्ण जुळलेले नाही. मी तुरीवर आणि रब्बी ज्वारीवर अडून बसलो आहे. ज्वारीला भाव नाही असे तो म्हणतो, आणि खोटे म्हणत नाही. तरी घरची भाकरी आणि बैलांचा कडबा कोणत्याही भावात लागतोच. मोसंबीची कलमे रंगपूर लिंबाच्या खुंटावरची घ्यायची यावर मात्र दोघांचे एकमत आहे. तो खुंट पाण्याची ओढ जास्त सोसतो. कलमे आणण्याआधी बदनापूरच्या संशोधन केंद्रात दोघांनी जाऊन यायचे आहे. तळ्याची जागा दोरी लावून आखली, तेव्हा खुंट्या मी स्वतः ठोकल्या. ज्या बांधावर लाकडे रचली होती, त्याच बांधापासून माप धरले.

फोनातला खेळ त्याने मलाही शिकवला आहे. आतापर्यंत अकरा वेळा हरलो. घाई होते आणि कासव पहिल्याच डावात मार खायला पुढे जाते. पोरगा कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "काका, मोजा की जरा." वहिनींची तक्रार अजून आहेच. फक्त आता त्या माझ्या घरी फोन करून माझ्या बायकोकडे दोघांची मिळून करतात.