माडीवरची घरघर

प्रभुभोजनानंतरची दोन-तीन मिनिटांची शांतता मला फार प्रिय आहे. माणसे गुडघे टेकून असतात, लहान मुलेदेखील क्षणभर का होईना गप्प असतात, आणि दिवसभर धावणारे मन जरा कोठे खाली बसते. काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो, तेथे आगमन काळाच्या पहिल्या रविवारी नेमक्या या शांततेत एक घरघर शिरली. गायनवृंदाच्या माडीवरून येणारी, खालच्या पट्टीतली, अखंड. आमच्या ऑर्गन वाजवणाऱ्या बाई नंतर मला म्हणाल्या, "फादर, तो चक्क खालचा 'जी' आहे, किंचित चढा." त्यांचा कान अचूक होता. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि तो खालचा 'जी' ४९ आवर्तनांचा. म्हणजे वीजच गात होती. पण हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते.

घरघरीचा धनी कोण, याविषयी मात्र माझ्या मनात शंका नव्हती. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एक मुलगा आमच्याकडे इलेक्ट्रिक गिटार वाजवीत असे व वाजवता वाजवता गातही असे. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने महिनाभरापूर्वी चार पेडल्स आणली होती. साबणाच्या वडीहून थोड्या मोठ्या अशा त्या पत्र्याच्या रंगीत डब्या. पायाने दाबले की गिटारचा आवाज पालटणार. मिस्सा संपताच मी माडीवर गेलो आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "ही खेळणी घरी ठेवायची. हे देवाचे मंदिर आहे, ऑर्केस्ट्राचा मंच नव्हे."

तो चाचरत म्हणाला, "फादर, मला वाटतं इथल्या पॉइंटमध्येच काहीतरी आहे. माईकला ओठ लागला की मुंग्या येतात."

"मुंग्या तुझ्या पायांत आहेत," मी म्हणालो. दोन-तीन जण हसले. पुढच्या रविवारी तो आला नाही.

माझी घडण सेमिनरीतली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली संमत केलेल्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिलेले आहे, आणि इतर वाद्येही पवित्र कार्याला साजेशी असल्यास अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील, असेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. यातला पहिला भाग मी गायनवृंदाला वरचेवर ऐकवीत असे. दुसऱ्याचा मला सोयीस्कर विसर पडत असे.

त्याच आठवड्यात एक काका माझ्याकडे आले. आयुष्यभर कारखान्याच्या विद्युत विभागात नोकरी करून निवृत्त झालेले, बोलणे मोजके. म्हणाले, "फादर, यंत्र बिघडलं की आधी कामगाराला घरी पाठवायचं, असा एक साहेब आमच्याकडेही होता." मी गप्प राहिलो. ते पुढे म्हणाले, "शनिवारची दुपार मला द्या. पोराला मी घेऊन येतो. तुम्ही फक्त बसा."

शनिवारी आम्ही तिघे माडीवर जमलो. मुलगा माझ्याकडे न पाहता आपली पेडल्स मांडू लागला. काकांनी त्याला प्रत्येकाचे काम मला समजावून सांगण्यास सांगितले. प्रथम अनिच्छेने आणि मग हळूहळू रंगत जाऊन त्याने सांगितले. पहिले ओव्हरड्राइव्ह; ते ध्वनीची लाट मुद्दाम इतकी वाढवते की तिचे शेंडे दबले जातात आणि आवाजाला किंचित खरखरीत धार येते. दुसरे कोरस, ते एका गिटारच्या जागी दोन-तीन गिटारी एकदम वाजत असल्याचा भास निर्माण करते. तिसरे डिले, म्हणजे ठरावीक वेळाने उमटणारा प्रतिध्वनी. चौथे रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनातला घुमारा.

"आणि या सगळ्याची सुरुवात एका बिघाडातूनच झाली, फादर," तो म्हणाला. १९६१ साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्स या गायकाचे एक गाणे प्रसिद्ध झाले. नॅशव्हिल येथे त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरमधला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन या वादकाच्या गिटारचा आवाज फाटून उमटला. तो आवाज तसाच ठेवण्यात आला. ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने पुढे तोच परिणाम मुद्दाम साधणारे उपकरण तयार केले, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणले. ज्याला आपण बिघाड म्हणतो त्याकडे नीट कान देणारा कोणीतरी असावा लागतो, एवढे माझ्या ध्यानात आले. पण मी बोललो नाही.

काकांनी कामाला सुरुवात केली, ती सगळे काढून टाकण्यापासून. "आधी गिटार आणि अँप, मध्ये एकच वायर. मग एक-एक पेडल वाढवायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, ते कळत नाही." पुढील दोन तास मी हेच पाहत होतो. ज्यांच्या घरी गिटार वाजवणारी मुले आहेत त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून जे आढळले ते क्रमाने लिहितो.

पहिली गोष्ट, पेडल्सचा क्रम. मुलाने डिले आधी आणि ओव्हरड्राइव्ह नंतर जोडले होते. त्यामुळे मूळ स्वर आणि त्याचे सारे प्रतिध्वनी एकत्र भरडले जाऊन नुसता चिखल ऐकू येई. ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब, असा क्रम लावताच स्वर स्वच्छ झाले. हा काही कायदा नव्हे, पण सुरुवात येथून करावी.

दुसरी गोष्ट, बॅटरी. ओव्हरड्राइव्हची नऊ व्होल्टची बॅटरी दर आठवड्याला संपे, आणि त्या खर्चावरूनही मी कुरकुर केलेली होती. खरे कारण असे की, बहुतेक पेडल्समध्ये बॅटरीचे बटण पायाखाली नसते, ते गिटारची वायर जेथे खुपसतात त्या छिद्रात असते. पिन आत गेली की बॅटरी चालू. दिवा विझलेला असला तरी चालूच. वायरी हलवायच्या नाहीत, असा माडीवर माझाच दंडक असल्याने रविवारी खुपसलेली पिन पुढच्या शनिवारपर्यंत तशीच राही.

तिसरी गोष्ट, अडॅप्टर. चारही पेडल्स लावून एकाच अडॅप्टरवर चालवली की एक बारीक, उंच शिट्टी ऐकू येई. डिलेचे पेडल डिजिटल होते. त्याच्या आतल्या चक्राचा गोंगाट सामाईक तारेतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरे आणि तेथे तो कितीतरी पटींनी वाढे. ओव्हरड्राइव्हला पुन्हा बॅटरी दिली, शिट्टी थांबली. कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक पेडलला स्वतंत्र, विलग वीज पुरवणारा पुरवठा घेणे. अडॅप्टर घेताना व्होल्ट जुळतात एवढेच पाहून चालत नाही. बहुतेक पेडल्सना मध्यभागी ऋण आणि बाहेर धन असा अडॅप्टर लागतो; उलटा लावल्यास पेडल कायमचे निकामी होऊ शकते.

चौथी गोष्ट, एक आखूड जोडवायर. ती हलवली की कडकड आवाज येई. पिनचे झाकण उघडून पाहिले, तो आतला सांधा सुटलेला. मुलाने तेथेच सोल्डर केले.

या चारही दोषांचा निकाल लागला. पण घरघर होती तशीच होती. गिटार सरळ अँपला जोडून, एकही पेडल मध्ये नसताना ती येत होती! ज्या खेळण्यांना मी घालवून दिले होते, ती सारी जमिनीवर मुकाट पडलेली होती, आणि घरघर चालूच होती. मुलाने प्रथमच वर मान करून माझ्याकडे पाहिले.

काकांनी खिशातला टेस्टर काढून गिटारच्या तारेला लावला. टेस्टरमधला दिवा मंद पेटला. त्यांचा चेहरा बदलला. "गिटार खाली ठेव, बाळा. माईकला हात लावू नकोस." मग त्यांनी टेस्ट लॅम्प घेतला. प्लगच्या खालच्या दोन छिद्रांत दिवा लखख पेटला. फेज आणि वरचे मोठे छिद्र यांमध्ये लावला तेव्हा तो पेटलाच नाही. पॉइंटची फळी उघडली. मागे हिरव्या वायरचे टोक भिंतीत मोकळे लोंबत होते. माडीला अर्थिंग नव्हतेच.

मला घाम फुटला, कारण ती फळी कोणी आणि केव्हा बसवली ते मला पक्के आठवत होते. तीन वर्षांपूर्वी, चर्चच्या सणाआधी. वायरमन म्हणाला होता, "फादर, अर्थिंगची वायर खालून ओढायला आणखी दोन दिवस लागतील." मी म्हणालो होतो, "सण होऊन जाऊ दे, मग बघू." सण झाला. त्यानंतरचे दोन सणही झाले.

काकांनी कागदावर चित्र काढून दाखवले. माईकची वायर खाली वेदीजवळच्या मिक्सरला जाते. तेथे अर्थिंग उत्तम. अँप मात्र माडीवर, अर्थिंगशिवाय. अँपच्या पत्र्यात झिरपणारी वीज गिटारच्या तारांपर्यंत येते आणि तिला जमिनीत जाण्यास वाट नसते. मुलाचा हात तारांवर आणि ओठ माईकवर आले की वाट तयार होते, ती त्याच्या शरीरातून. "आज मुंग्या," काका म्हणाले. "अँपच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली असती, तर मुंग्यांवर भागलं नसतं." मुलाने हलक्या आवाजात लेस्ली हार्वे हे नाव सांगितले. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा हा गिटारवादक ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्सी येथे कार्यक्रम करीत असताना अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. वय अवघे सत्तावीस.

त्या मुलाने मला सांगितले होते. सर्वांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितले होते. आणि मी विनोद केला होता.

दुसऱ्याच दिवशी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगची वायर माडीपर्यंत आणली. विजेच्या मुख्य फळीवर गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्रही बसवून घेतले. घरघर नव्वद टक्के गेली. उरलेली गिटारचीच होती. त्या गिटारच्या तारांखाली एकेरी वेटोळ्याचे पिकअप होते. असे वेटोळे आसपासच्या विजेचा गुणगुणाट टिपते. पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्यात भर घालीत. मुलगा जरा वळून उभा राहिला की तोही कमी होई. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर याने दोन उलटी वेटोळी जोडून हाच गुणगुणाट मारणारे पिकअप घडवले, ही माहितीही त्यानेच दिली. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरघर थांबवण्यासाठी प्लगची वरची मोठी पिन काढून टाकणारे लोक मी नंतर पाहिले. त्याने घरघर कधी कधी खरोखरच थांबते. पण संरक्षणही त्याच क्षणी संपते. तसे कदापि करू नये आणि आपल्या मुलांना करू देऊ नये.

पुढच्या रविवारी मिस्सा सुरू होण्याआधी मी माडीवर गेलो. जे त्या दिवशी हसले होते, ते सगळे हजर होते. त्यांच्यादेखत मी त्या मुलाची क्षमा मागितली. कबुलीजबाब ऐकण्याचा मला सव्वीस वर्षांचा सराव होता. देण्याचा, तोही असा उघड्यावर, नव्हता. दोन वाक्ये बोलताना घसा कोरडा पडला. तो गोंधळून म्हणाला, "असू दे, फादर," आणि तारा लावू लागला.

थोड्या वेळाने तो स्वतःच बोलला. "रिव्हर्ब बंदच ठेवतो, फादर. घरच्या खोलीत ते बरं वाटतं. इथे चर्चच्या छतालाच एवढा घुमारा आहे." रिकाम्या चर्चमध्ये शनिवारी ठरवलेला आवाज रविवारी बदलतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात, म्हणून तो आणि ऑर्गनच्या बाई लोक जमल्यावर पहिल्या गीताच्या वेळी पुन्हा एकदा पातळी पाहून घेत. पेडल चालू असो वा बंद, आवाज लहान-मोठा होऊ नये, फक्त त्याचा रंग पालटावा, हा त्याचा नियम मला आवडला. त्या दिवशी अर्पणाच्या गीताला त्याने कोरस अगदी हलका लावला होता. वृद्ध मंडळींपैकी कोणी तक्रार केली नाही. किंबहुना एका आजीने मला विचारले, "फादर, आज नवीन ऑर्गन आणला काय?"

माझी बदली होऊन आता बराच काळ लोटला आहे. नव्या धर्मग्रामात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वायरमनला बोलावून प्रत्येक पॉइंटचे अर्थिंग तपासून घेतले. लोकांना नवल वाटले. नवे फादर आधी हिशेबाच्या वह्या पाहतील, असे त्यांना वाटले होते. तेथेही एक मुलगी गिटार वाजवते. मिस्सा संपली की मी कधी कधी माडीवर जातो, आणि पेडलमधली पिन उपसून ठेवलेली आहे ना, ते पाहतो. मग तिला विचारतो, "काही त्रास नाही ना?" तिला सांगायचे असले तर ती सांगेपर्यंत मी तेथेच उभा राहतो.