तांब्याचं वायसर

यंदा दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस मी एका ट्रकखाली काढले. ट्रक मामांचा. टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं त्यांचं घर, आणि घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये हा जुना लष्करी शक्तिमान. मामा सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते. निवृत्त झाल्यावर लिलावात निघालेला हा ट्रक त्यांनी घेतला, खानापूरकडं लाकडं ओढली, विटा ओढल्या. गेली काही वर्षं तो नुसता उभाच होता, कारण तसलं जड स्टिअरिंग आता त्यांच्या खांद्यांना झेपत नाही.

निपाणीच्या एका गुऱ्हाळवाल्यानं ट्रक घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच: गाडी स्वतःच्या चाकांवर निपाणीला आली पाहिजे. नाहीतर भंगारवाला वजनावर नेणार, निम्म्या पैशात. बेळगावहून निपाणी म्हणजे काकती, हत्तरगी, संकेश्वर आणि मग तवंदी घाट. त्या घाटातल्या वळणावर बंद पडलेली गाडी म्हणजे काय, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

शक्तिमान म्हटलं की आपल्या वर्गात सगळ्यांना टीव्हीवरचा आठवतो. हा त्याच्या कितीतरी आधीचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानं 1959 पासून जबलपूरला हे ट्रक बनू लागले आणि 1996 पर्यंत बनत राहिले. ही मान कंपनी म्हणजे ऑग्सबर्गचा तोच कारखाना, जिथं 1897 साली रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन चाललं. म्हणजे मामांच्या शेडमधल्या इंजिनाचं आजोळ थेट डिझेलसाहेबांच्या घरी. आणि 1924 साली, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन आपल्या टिळकवाडीत भरलं त्याच वर्षी, मानने थेट इंधन फवारणाऱ्या डिझेल इंजिनाचा पहिला ट्रक बाहेर काढला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मला आवडल्या म्हणून सांगितल्या.

तर गाडीचा रोग असा होता. सकाळी खूप वेळ सेल्फ मारला की चालू व्हायची. दोन-तीन मिनिटं नीट चालायची, मग दम लागल्यासारखी वरखाली व्हायची आणि बंद. फीडपंपावरचा हँड प्रायमर तीस-चाळीस वेळा दाबला, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फेस निघू दिला, की परत चालू. परत दोन मिनिटं.

"एअर धरलीय," मामा पहिल्याच दिवशी म्हणाले.

डिझेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते. सगळा घोळ इथं आहे. नोझल उघडायला साध्या हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. मध्ये बुडबुडा आला की पंपाच्या दट्ट्याचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. नोझल उघडतच नाही.

मी टॉर्च घेऊन खाली शिरले आणि ओली जागा शोधू लागले. मामा वरून हसले. "बाय, काय हुडकूलीस? वलं काय मिळायचं नाही तिथं."

फीडपंपाच्या पुढची बाजू दाबाची. तिथं फट असेल तर डिझेल पाझरतं, त्यावर धूळ बसते, बोटाला कळतं. पण टाकीपासून फीडपंपापर्यंतची बाजू ओढीची. तिथं पाईपमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणून डिझेल बाहेर येत नाही, हवाच आत जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि पाईपमधलं डिझेल परत टाकीत उतरतं. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो तो त्यामुळं.

मामांची शोधायची रीत अर्ध्या-अर्ध्यानं होती. फीडपंपाच्या पुढं त्यांनी पाईपचा एक पारदर्शक तुकडा जोडला. इंजिन चालू केल्यावर त्यातून मोहरीएवढे बुडबुडे पळताना दिसले. म्हणजे हवा त्याच्या आधीच शिरत होती. मग टाकी आणि तिची लांब पाईप सोडवून टाकली आणि जमिनीवर ठेवलेल्या कॅनमधून फीडपंपाला डिझेल दिलं. बुडबुडे तसेच. म्हणजे टाकी निर्दोष, लांब पाईपही निर्दोष. राहिला फीडपंप.

शनिवारी फीडपंप उद्यमबागेत दुरुस्तीला गेला. आतले वॉल्व बदलले. अकराशे रुपये. मामांनी पेन्शनमधले मोजून दिले, मी शेजारी उभी होते. रविवारी सकाळी मी मिसाला गेले होते तेव्हा त्यांनी एकट्यानंच पंप परत बसवला. मी आले तेव्हा ते शेडमध्ये स्टुलावर बसले होते. पारदर्शक पाईपमध्ये बुडबुडे होते.

"माझंच कायतरी चुकूलंय," ते म्हणाले. "तीस वर्षं हेच केलो. आता हातालाबी कळंना." थोड्या वेळानं म्हणाले, "भंगारवाल्याला फोन लावूया काय?"

इथं मला मागचं सांगायला पाहिजे. सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात फीडपंपाला येणारी पाईप मामांनी मलाच काढून, साफ करून बसवायला सांगितली होती. ती बेंजो बोल्टनं बसते. हा बोल्ट आतून पोकळ, त्यातूनच डिझेल जातं. त्याच्या डोक्याखाली एक आणि पाईपच्या कड्याखाली एक, अशी तांब्याची दोन वायसरं. (वॉशर म्हणणारा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही.) तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, परत नीट बसत नाही. म्हणून जुनं वायसर वापरायचं तर लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात टाकायचं. लोखंड तसं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. मामांनी हे मला दोनदा समजावलं होतं.

त्या संध्याकाळी आपल्या मंडळाची बैठक होती आणि मला निबंध वाचायचा होता. मी वायसरं फडक्यानं पुसली, तशीच बसवली आणि सतरा नंबरच्या पान्यानं जोर लावून आवळली. रात्री मामांनी फोनवर विचारलं, "तापवलीस न्हवं?"

"होय, तापवलो की मी." (आमच्याकडं मुलीही असंच बोलतात. पुण्याच्या मैत्रिणी हसतात, हसू देत.)

शुक्रवारी कॅन लावला तेव्हा त्याची पाईपही त्याच बेंजो बोल्टमधून फीडपंपात जात होती. म्हणून टाकी सुटली आणि फीडपंपावर आळ आला. हे मला शनिवारी दुकानात, पैसे मोजले जाताना लक्षात आलं. तेव्हा बोलता आलं असतं. बोलले नाही. मनात हिशेब असा होता की पंप परत बसवायला मलाच सांगतील, तेव्हा गुपचूप वायसरं तापवून टाकू. पण वायसरं मी तापवलीत या भरवशावर मामांनी तीच परत बसवली.

भंगारवाल्याचं नाव निघाल्यावर मी सांगितलं. ट्रकच्या पुढच्या चाकाकडं बघत सांगितलं, मामांकडं बघून नाही.

मामा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू म्हणतीस म्हणून नको. बघूया." टाकीला पाईप परत जोडून त्यांनी तिच्या झाकणातून सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा भरायला लावली आणि ब्रशानं बेंजो बोल्टवर साबणाचं पाणी फासलं. आता दाब आतून होता. बराच वेळ काहीच नाही. मग बोल्टच्या डोक्याखाली एक फुगा आला, फुटला, परत आला.

"हितंच हाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. चूक त्यांच्या हाताची नव्हती. मला शरम वाटायची होती ती त्या क्षणी पूर्ण वाटली.

वायसरं मामींच्या गॅसवर तापवली. पक्कडीत धरून, लाल होईपर्यंत, मग वाटीतल्या पाण्यात. चर्र आवाज येतो. मामींनी ती वाटी पुन्हा स्वयंपाकात घेतली नाही. इंजिन पाऊण तास चाललं. पारदर्शक पाईपमध्ये नुसतं डिझेल, काचेसारखं. जेवताना मामा म्हणाले की फीडपंपाचे वॉल्व तसेही गेलेलेच होते. खरंच गेले होते की माझ्यासाठी म्हणाले, मला सांगता येत नाही. दुकानात काढून टाकलेले वॉल्व मी पाहिले होते, खरं त्यातलं मला काय कळतंय?

मंगळवारी पहाटे निघालो. मामांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर चालवत होता, मामा मध्ये, मी खिडकीशी. संकेश्वरपर्यंत कुणी बोललं नाही, सगळे इंजिन ऐकत होतो. तवंदीला ड्रायव्हरनं गिअर खाली घेतला आणि मामांनी माझा हात धरला. एकदाही दम लागला नाही.

गुऱ्हाळवाला चाणाक्ष. टायरांना लाथा मारून झाल्या, तेल बघून झालं, मग म्हणाला, "जुनी गाडी हाय. एअर धरतीय काय?"

मामांनी माझ्याकडं बोट केलं. "तिला विचारा."

मी त्याला खाली वाकवून तो बोल्ट दाखवला आणि तो कधीही काढला तरी वायसरं आधी तापवायची, हे दोनदा सांगितलं.