पहिल्या रेघेआधीचे घर

घराच्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन फाइल उघडली की पडदा रिकामा दिसतो, पण फाइल रिकामी नसते. मापाचे एकक, अक्षरांची उंची, रेघांची जाडी, डायमेन्शनच्या टोकाला बाण की तिरकी रेघ, यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी आधीच ठरवलेली असते. असे ठरलेले सगळे ज्या फाइलमध्ये साठवलेले असते तिला टेम्प्लेट म्हणतात. ऑटोकॅड १९८२ साली आले. त्यात टेम्प्लेटच्या फाइलला डीडब्ल्यूटी हे शेपूट असते आणि सोबत मिळणाऱ्या मूळ टेम्प्लेटपैकी ‘अकॅड’ इंचांचे, तर ‘अकॅडआयएसओ’ मिलिमीटरचे असते. स्केचअपमध्ये नवीन फाइल उघडताच अक्षांच्या छेदापाशी एक माणूस उभा दिसतो. तोही टेम्प्लेटचाच भाग आहे. त्याला पुसून फाइल टेम्प्लेट म्हणून साठवली की पुढच्या वेळी तो येत नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या साताऱ्यातील दोन टेबलांच्या कार्यालयात पहिली काही वर्षे स्वतःचे टेम्प्लेट नव्हते. नवीन घर आले की मागच्या घराची फाइल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करायचे, जुन्या भिंती पुसायच्या आणि काम सुरू करायचे. लहान कार्यालयांत ही पद्धत सर्रास चालते. ती जलद वाटते, पण मागच्या घरातले न दिसणारे बरेच काही पुढच्या घरात शिरते: कुठे वापरात नसलेले लेअर, कुठे बंद ठेवलेल्या लेअरवर राहून गेलेला जिना. मंजुरीसाठी द्यायच्या एका सबमिशन ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये आधीच्या मालकाचा गट नंबर तसाच राहिला होता. तो प्रिंट काढल्यावर दिसला, आणि तेव्हा कोरे टेम्प्लेट बांधायचे ठरले.

सुरुवात मापापासून करावी लागते, कारण इथले घर दोन मापांत बोलते. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये जातो. साइटवर गवंडी फूट-इंचात बोलतो, आणि सुतार सुतात. एका इंचाचे आठ सूत, हा हिशेब त्याला कागदाशिवाय येतो. फाइल मिलिमीटरमध्ये ठेवून डायमेन्शन स्टाइलमध्ये दुसरे एकक चालू केले, त्याचा गुणक ०.०३९३७ दिला आणि मांडणी आर्किटेक्चरल ठेवली की ३०४८ च्या शेजारी कंसात १० फूट उमटते. ही दुहेरी स्टाइल वर्किंग ड्रॉइंगसाठी असते. सबमिशनसाठी वेगळी स्टाइल लागते, तिच्यात फक्त मीटर. दोन्ही स्टाइल टेम्प्लेटमध्येच असल्या तर ऐन घाईत कोणी हाताने आकडा बदलत नाही. हाताने टाइप केलेले डायमेन्शन भिंत सरकली तरी जुनाच आकडा दाखवत राहते. आराखड्यात याहून धोकादायक सवय क्वचितच असेल.

अक्षरांचे गणित याला लागूनच येते. छापील कागदावर अक्षर २.५ मिमी उंच हवे असेल, तर १:१०० च्या नकाशात ते फाइलमध्ये २५० मिमी उंच काढावे लागते, आणि १:५० च्या नकाशात १२५. अॅनोटेटिव्ह स्टाइल वापरली की हा गुणाकार सॉफ्टवेअर स्वतः करते.

लेअरची यादी बनवताना मोह आवरावा लागतो. पहिल्या टेम्प्लेटमध्ये ऐंशीच्या आसपास लेअर झाले होते. इलेक्ट्रिकलचे पंखे एका लेअरवर, दिवे दुसऱ्या, बटणे तिसऱ्या. महिन्याभरात दिसून आले की नवशिका मुलगा सगळेच ‘शून्य’ लेअरवर काढतो, कारण यादी वाचायलाच वेळ लागतो. आता बावीस लेअर आहेत. नावे अशी की वाचताच कळावे: भिंत, दार-खिडकी, वरून जाणारे, जिना, फर्निचर, माप, अक्षर. ‘वरून जाणारे’ यात बीम, छज्जा आणि लॉफ्टच्या तुटक रेघा येतात. शून्य लेअर ब्लॉक बनवण्यापुरता राखलेला आहे. शून्यावर बनवलेला ब्लॉक ज्या लेअरवर ठेवला जातो त्या लेअरचा रंग आणि रेघ घेतो. डेफपॉइंट्स हा लेअर डायमेन्शन टाकताच आपोआप तयार होतो आणि त्याच्यावरचे काहीही छापले जात नाही, हेही नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगावे लागते. नाहीतर अख्खी भिंत त्या लेअरवर काढली जाते, पडद्यावर दिसते आणि कागदावर नसते.

सबमिशनच्या रंगांना वेगळा संच लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेतील रंगांच्या तक्त्यात प्लॉटची हद्द जाड काळी, नियोजित बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी, ड्रेनेज लाल तुटक रेघेने दाखवतात. हे रंग कागदासाठी आहेत. ऑटोकॅडमध्ये काम करताना पडद्यावरचा रंग अनेकदा रेघेची जाडी सांगतो, म्हणून दोन्ही अर्थ एकाच यादीत मिसळले की गोंधळ होतो. त्यासाठी टेम्प्लेट दोन केले: एक सबमिशनचे, दुसरे वर्किंगचे.

भिंतीच्या बाबतीत सॉफ्टवेअर कुठे जन्मले ते लगेच कळते. अमेरिकेतील घराच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे लाकडी सांगाडा. दोन-बाय-चार म्हणून ओळखली जाणारी फळी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते. तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जिप्समचा बोर्ड लावला की आतली भिंत साडेचार इंचांची होते. महाराष्ट्रातील अर्ध्या विटेची भिंतही साडेचार इंचांचीच, म्हणजे ११५ मिमी. आकडा जुळतो, वस्तू मात्र जुळत नाही. विटेच्या भिंतीला वरून दोन्हीकडे गिलावा येतो. आतला गिलावा साधारण १२ मिमीचा धरला, तर आराखड्यातली १० फुटांची खोली हातात येते तेव्हा सुमारे एक इंच कमी भरते. भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाट बनवणाऱ्या सुताराला हा इंच नेमका नडतो. दारांचेही तसेच. तिकडे दाराची नेहमीची उंची ६ फूट ८ इंच, इकडे लिंटेल ७ फुटांवर. आयते टेम्प्लेट तसेच वापरले तर सगळ्या दारांच्या डोक्यावर चार इंचांचा प्रश्न उभा राहतो.

म्हणून भिंतींचे प्रकार नावाने ठेवावे लागतात: बाहेरची वीट २३० मिमी, आतली वीट ११५, हलक्या ब्लॉकची १५० आणि १००. कोकणातल्या कामात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत लागते. तिची जाडी त्या खाणीतून येणाऱ्या चिऱ्यावर ठरते, म्हणून तो प्रकार टेम्प्लेटमध्ये मुद्दाम ठेवलेला नाही. साइटवर चिरा मोजून आणायचा आणि मग भिंत काढायची.

उंच्यांचे कोष्टक हा टेम्प्लेटचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच नसतो. प्लॅन सगळे काढतात, सेक्शन शेवटी काढतात, आणि उंच्या तिथे पहिल्यांदा ठरतात. टेम्प्लेटमध्ये एक तयार सेक्शन ठेवला की खोली आखतानाच उंची समोर राहते. स्लॅबच्या वरच्या पातळीपासून पुढच्या स्लॅबच्या वरच्या पातळीपर्यंत ३००० मिमी. त्यातून स्लॅबची जाडी १२५ वजा, फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून ७५ वजा. उरले २८००. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची सांगते, म्हणजे हातात जेमतेम ५० मिमी राहतात. खर्च वाचवायला कोणी मजला १०० मिमीने कमी करायला सांगितले, तर उंची २७०० वर येते आणि खोली नियमात बसत नाही. हे कोष्टक समोर असले की मालकाशी बोलताना वाद होत नाही, आकडा दाखवता येतो. जिन्याचेही तसेच: घरगुती जिन्याची पायरी किमान २५० मिमी रुंद आणि जास्तीत जास्त १९० उंच. ३००० मिमीच्या मजल्याला सोळा उंच्या घेतल्या की प्रत्येक उंची १८७.५ येते. पंधरा घेतल्या तर २००, आणि ते चालत नाही. हे गणित टेम्प्लेटमधल्या जिन्याशेजारी एका ओळीत लिहून ठेवलेले आहे.

यातच एक अट फार महत्त्वाची आहे. सगळ्या उंच्या तयार फरशीपासून मोजायच्या, स्लॅबपासून नाही. या दोहोंत ७५ मिमीचा फरक आहे. सेक्शनमध्ये हे एका शब्दाने लिहिलेले नसेल तर गवंडी आपल्या अंदाजाने घेतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

दार-खिडक्यांचे ब्लॉक तयार ठेवणे सोपे वाटते, आणि चूकही तिथेच झाली. डी१ मुख्य दार, डी२ खोलीचे, डी३ बाथरूमचे ७५० मिमी, डब्ल्यू१ खिडकी १२०० बाय १२००, सिल ९०० वर, डोके २१०० वर. प्लॅनमध्ये खिडकी म्हणजे भिंतीत तीन रेघा. ती बेडरूमची की स्वयंपाकघराची, रेघांत फरक नाही. त्यामुळे स्वयंपाकघरातही डब्ल्यू१ बसत गेली. तालुक्याच्या गावातल्या एका घराच्या साइटवर भिंती लिंटेलपर्यंत आल्या होत्या. गवंड्याने ओट्याची जागा खडूने आखली, जमिनीपासून टेप धरला आणि विचारले, ‘मॅडम, ओटा वर आला की खिडकीखाली दोन इंच उरतात. सिंक इथंच आहे, मग नळ काढायचा कुठनं?’ ओट्याची उंची ८५० मिमी धरलेली, सिल ९०० वर. मध्ये ५० मिमी. नळाला भिंतच नव्हती, आणि खिडकीचे दार आत उघडले असते तर सिंकवरून फिरले असते.

दुरुस्ती करता आली. खिडकीचे डोके २१०० वरच होते, म्हणून लिंटेलला हात लावावा लागला नाही. खाली एक फूट वीटकाम चढवून सिल १२०० वर नेली. पण ग्रिल आणि अॅल्युमिनियमच्या खिडकीची ऑर्डर जुन्या उंचीने गेलेली होती. ती बदलून घेताना वेळ गेला, पैसेही गेले, आणि मालकीण बाईंना कारण सांगावे लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. विचारले एवढेच, ‘स्वयंपाकघर तुम्ही वेगळं काढलंच नव्हतं का?’ प्रश्न बरोबर होता. खोली वेगळी काढली होती, खिडकी मात्र आयती उचलली होती.

त्या संध्याकाळी टेम्प्लेटमध्ये डब्ल्यू३ हा ब्लॉक आला: १२०० बाय ९००, सिल १२००, नावातच ‘ओटा’ हा शब्द. पण टेम्प्लेट सुधारल्याने आधीची घरे सुधारत नाहीत. फाइल टेम्प्लेटमधून जन्मते तेव्हा त्याची प्रत घेते, आणि त्यानंतर दोघांचा संबंध संपतो. त्याच नावाचा ब्लॉक नव्याने आणला तरी जुन्या फाइलमध्ये जुनीच व्याख्या टिकून राहू शकते. त्या वेळी आणखी दोन घरे त्याच टेम्प्लेटमधून निघालेली होती. दोन्ही फाइल उघडून स्वयंपाकघराची खिडकी हाताने बदलली, आणि एका साइटवर त्याच रात्री फोन केला.

टेम्प्लेटमध्ये काय ठेवायचे नाही, याची यादी त्यानंतर बनली, आणि ती ठेवायच्या गोष्टींच्या यादीपेक्षा जास्त विचार मागते. प्लॉटचा आकार नाही. उत्तर दिशेचा बाण असतो, पण फिरवलेला नसतो. सेटबॅकच्या रेघा नाहीत, कारण त्या रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटवर ठरतात. तयार स्वयंपाकघर नाही, तयार देवघर नाही. टायटल ब्लॉकमधील मालकाचे नाव, गट नंबर आणि गाव या जागी ठळक ‘भरा’ असे लिहिलेले आहे, म्हणजे रिकामी जागा नजरेतून सुटत नाही. ओट्याची उंचीही पक्की नाही. त्या घरात जिला रोज उभे राहून भाकरी थापायची आहे तिच्या कोपरापासून ती मोजायची, आणि ८५० हा आकडा फक्त मोजेपर्यंत वापरायचा.

साठवण्याची पद्धत साधी आहे. कोऱ्या फाइलमधून सुरुवात करून हवे ते ब्लॉक, स्टाइल आणि लेअर डिझाइन सेंटरमधून ओढून आणावेत. जुने घर पुसून टेम्प्लेट बनवू नये. शेवटी पर्ज ही आज्ञा देऊन नको असलेले तेवढेच निवडून काढून टाकावे, कारण नुकतेच आणलेले ब्लॉक आणि लेअरही तिथे वापरात नसलेले म्हणून दिसतात, आणि मग फाइल डीडब्ल्यूटी म्हणून साठवावी. ऑटोकॅडच्या ऑप्शन्समध्ये फाइल्सच्या पानावर ‘क्यून्यू’साठी टेम्प्लेटचे नाव देता येते. ते दिले की नवीन फाइलचे बटण दाबताच तेच उघडते. उघडणारी फाइल बिननावाची असते, त्यामुळे चुकून मूळ टेम्प्लेटवर काम साठवले जात नाही. स्केचअपमध्ये फाइल मेनूतून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ घेताना तेच नेहमीसाठी ठरवण्याची खूण करता येते. तिथे रेघा आणि पृष्ठे टॅगशिवाय ठेवून टॅग फक्त ग्रुप आणि कॉम्पोनंटला द्यायचा असतो. लेअर या शब्दाऐवजी टॅग हे नाव त्यात २०२० च्या आवृत्तीपासून आले. जुन्या सवयीने लेअर समजून टॅगवर थेट रेघा काढल्या की टॅग बंद करताच अर्धे घर गायब होते आणि भिंतींच्या कडा तुटक राहतात.

दोन संगणकांवर एकाच टेम्प्लेटच्या दोन वेगळ्या प्रती होऊ नयेत म्हणून प्रत्येक टेम्प्लेटची फाइल एकाच सामाईक फोल्डरमध्ये आहे आणि दोन्हीकडून तिचाच मार्ग दिलेला आहे. तिच्या नावात तारीख असते. टेम्प्लेटच्याच एका कोपऱ्यात, न छापणाऱ्या लेअरवर, बदलांची नोंद ठेवलेली आहे: तारीख, काय बदलले, कोणत्या साइटमुळे. सध्या तिथे अकरा ओळी आहेत. सर्वांत वरच्या ओळीत स्वयंपाकघराची खिडकी आहे, आणि तिच्यासमोर ज्या दोन फाइल हाताने दुरुस्त केल्या त्यांची नावे आहेत.