गाडी तुमची, तार सगळ्यांची

विजेच्या मोटारींना सरकारने पैसा द्यावा की त्या बाजारावर सोडाव्यात, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मी मोटारींचा माणूस नव्हे. माझं आयुष्य वीज वितरणात गेलं: रोहित्रं, फीडर, खांब आणि पुढच्या पाच वर्षांत भार किती वाढेल याचे हिशेब. पण हा प्रश्न फिरून रोहित्रापाशीच येतो, म्हणून होकार दिला.

आधी एक गैरसमज दूर करतो. ‘मोटारीची सबसिडी गेली, आता सगळं बाजारावर’ असं सर्रास बोललं जातं. केंद्राच्या २०१९ च्या फेम-२ योजनेत खासगी मोटारीला थेट अनुदान नव्हतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०,९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही ते नाही. मदत मिळते ती करातून. विजेच्या मोटारीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. पेट्रोलच्या मोटारीवर आज १८ किंवा ४० टक्के. राज्याने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के वाहन कर सुचवला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल नाही. एरवी मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पडतात. न घेतलेला कर आणि न घेतलेला टोल हा सार्वजनिक खर्चच आहे. कुठल्या योजनेच्या नावाने तो लिहिलेला नसतो, म्हणून दिसत नाही.

नॉर्वेचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे १९९७ पासून टोलमाफी होती आणि २०२४ मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या. पण तिथे टोल टप्प्याटप्प्याने परत आला आणि २०२३ पासून महागड्या विजेच्या मोटारींच्या वरच्या किमतीवर करही लागला. हा भाग सांगायचा राहून जातो.

नेहमीचा एक आक्षेप ‘शेवटी वीज कोळशाचीच ना?’ हा. लहान मोटारीला शंभर किलोमीटरला साधारण १४ युनिट लागतात. आपल्या ग्रीडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर दहा किलो होतो. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार तेवढ्या अंतरात पंधरा किलो सोडते. फायदा खरा आहे. पण त्याच शंभर किलोमीटरला वीस-बावीस युनिट खाणारी अवजड एसयूव्ही घेतली की हा फायदा पुसला जातो, आणि करसवलत मात्र तिला रुपयांत सर्वांत जास्त मिळते.

आता रोहित्राकडे येतो. ६३ केव्हीएच्या एका रोहित्रावर साठ-सत्तर घरं चालतात, कारण सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण भार घेत नाहीत. आमचं सगळं नियोजन या एका गृहीतावर उभं असतं. घरी बसवायचा मोठा चार्जर ७.२ किलोवॅटचा असतो. असे नऊ एकदम लागले की पासष्ट किलोवॅट होतात. गावाला काही उरत नाही. अलिबाग-किहीम-नागावच्या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले आहेत. मंडळी शुक्रवारी रात्री एकाच सुमाराला पोचतात आणि पोचल्या पोचल्या गाडी चार्जिंगला लावतात. त्यात आमचा किनारा. खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा थर बसवतो, दवाने तो ओला झाला की त्यावरून प्रवाह निसटतो आणि फीडर ट्रिप होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरकडे खांबांच्या ओळीच्या ओळी आडव्या केल्या, तेव्हा कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. भूमिगत केबल महाग आहे, पण या किनाऱ्यावर ती चैन म्हणता येत नाही. आणि ती टाकायला बाजार येणार नाही, कारण शेवटच्या वाडीच्या बिलातून तिचा खर्च कधीच निघत नाही.

एक प्रकरण डोक्यातून जात नाही. रेवदंड्याकडच्या एका मिनीडोरवाल्याला डिझेलची गाडी काढून विजेची तीनचाकी घ्यायची होती. त्याचं घर लाइनच्या शेवटच्या टोकाला. संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की चार्जर स्वतःहून बंद होतो. त्याने वाढीव भारासाठी अर्ज केला. उत्तरादाखल खांब आणि वाहिनीचं एस्टिमेट हातात आलं, ते गाडीच्या किमतीच्या निम्म्याला गेलेलं. रस्त्यापलीकडच्या बंगल्यांच्या प्रकल्पाने तसंच एस्टिमेट भरून स्वतःचं रोहित्र उभं केलं होतं. ‘साहेब, गाडीला कर्ज भेटतं, खांबाला कोण देणार?’ असं त्याने मला विचारलं. तीनचाकीला अनुदान देणारी योजना कागदावर होती. त्याच्या खांबासाठी कुठेही तरतूद नव्हती.

आपल्याच रायगड जिल्ह्यात माथेरानच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी जो आदेश दिला, तो म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा राज्याने घेऊन हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्या, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं थांबवायला सरकारी तिजोरी उघडली, तर त्या खर्चाबद्दल कुणाला स्पष्टीकरण द्यावं लागू नये.

माझं मत स्पष्ट आहे. खासगी मोटार बाजारावर सोडा. तिची करसवलत किमतीला आणि वजनाला बांधा, आणि अटल सेतूवरची मोटारींची टोलमाफी मुदत घालून संपवा. तो पैसा एसटीच्या विजेच्या बसेसना, मिनीडोरवाल्यांना, उरणच्या कंटेनर ट्रकना आणि सर्वांत आधी किनाऱ्यावरच्या तारांना द्या.

किनाऱ्यावर ज्यांचं दुसरं घर आहे, त्या वाचकांना एक विनंती. गाडी शुक्रवारी रात्री चार्जिंगला लावू नका, शनिवारी दुपारी लावा. स्मार्ट मीटर असेल तर दिवसाच्या विजेला दरात सवलतही मिळते, आणि शेजारच्या वाडीतले पंखे रात्रभर चालू राहतात.